सत्काराची शाल आणि उस्मानचाचा

उस्मानचाचा गेले हे मला व्हॉट्सॲपवर कळलं. ग्रुपचं नाव 'वन पुनर्स्थापना – सर्व भागधारक'. त्यात सरपंचापासून मुंबईच्या साहेबांपर्यंत सगळे आहेत. कुणीतरी आमच्या अहवालाच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकला होता. खांद्यावर शाल, हातात नारळ, नजर कॅमेऱ्याकडे नाही, वरच्या पंख्याकडे, असे चाचा. खाली लिहिलं होतं, 'आमचे आदर्श भागधारक'. मग जोडलेल्या हातांची ही लांबलचक रांग. त्या रांगेतच जिल्ह्याच्या एका साहेबांनी उद्याच्या बैठकीची लिंक टाकली. पुढे हात जोडणाऱ्यांनी चाचांना हात जोडले की लिंकला, काही कळायला मार्ग नव्हता.

तो अहवाल मी लिहिला आहे. त्याच्या बऱ्याच प्रती अजून माझ्या टेबलाखाली पडून आहेत. पाहुणा आला की एक द्यावी लागते, आणि दर वेळी मी ती मुखपृष्ठ खाली करून देतो. 

मी एका संस्थेत समन्वयक आहे. समन्वयक म्हणजे ज्याच्या हातात काही नसतं आणि ज्याला सगळ्यांचे फोन येतात असा माणूस. पेण ते रोहा या पट्ट्यात उजाड झालेले डोंगर पुन्हा जंगलाखाली आणायचे, आणि ते करताना गावापासून दिल्लीपर्यंत प्रत्येक पातळीवरच्या माणसाला सामील करून घ्यायचं, असं आमचं काम. ऐकायला किती छान वाटतं! मलाही वाटलं होतं.

खांब या गावापाशी हायवे सोडून आत वळलं की चाचांचं गाव. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या पिशवीत 'भागधारक ओळख पत्रक' नावाचा चार पानी फॉर्म होता. ग्रामपंचायतीच्या शिपायाला विचारलं तर म्हणाला, "चाचा व्हय? डोंगरावं असतील, लाकडा तोडत."

वर गेलो तर खरंच तोडत होते. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, चौकड्यांची लुंगी वर खोचलेली, कमरेच्या दोरीला कोयती अडकवायची लाकडी आकडी, आणि कोयती हातात. सत्तरीकडे झुकलेला माणूस कोवळे फुटवे सपासप उडवत होता. मी मनात म्हटलं, घ्या, जंगल वाढवायला निघालो आणि पहिलाच भागधारक जंगलतोड करताना सापडला.

"चाचा, हे काय चाललंय?"

"छाटनी," ते मागे न बघता म्हणाले.

समोर ऐनाचं खोड होतं, फार पूर्वी बुंध्यात तोडलेलं. त्याला सहा-सात फुटवे आले होते. त्यातला एक सरळ, जोमदार फुटवा त्यांनी ठेवला आणि बाकीचे काढले. मग खिशातून पांढऱ्या कापडाची पट्टी काढून त्या राखलेल्या फुटव्याला सैल गाठ मारली.

"सातांनी भांडत बसायचा त्यापरीस एकानं वाढायचा," म्हणाले. "आता बोल. कोन तू?"

डोंगरभर अशा पांढऱ्या पट्ट्या होत्या. गल्फमधून येताना आणलेला एक पायघोळ झगा त्यांनी त्यासाठी फाडला होता. पट्टी बांधलेलं तोडायचं नाही आणि चाचांनी छाटलेलं सगळं मोळीत न्यायचं, असा त्यांचा वरच्या कातकरवाडीतल्या बायांशी करार होता. त्याला कागद नव्हता, ठराव नव्हता, अंगठा नव्हता. वाडीची बारकीबाई मला म्हणाली होती, "चिंधी बांधलेला झाड चाचाचा. त्याला कोयती लावली तर हाताला खाज येते." आणि खदाखदा हसली होती. आठ वर्षांत त्या कराराचा भंग झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्या करारांचं काय झालं ते पुढे येईलच.

त्या डोंगरावर चाचांनी एकही झाड लावलेलं नव्हतं. हे पचायला मला वेळ लागला. आमच्या सगळ्या तक्त्यांत 'लावलेली रोपे' हा पहिला रकाना. चाचांचा तो रकाना रिकामा, आणि डोंगरावर तर ऐन, किंजळ, बेहडा, शिवण, डोक्याच्या दुप्पट उंच गेलेले.

"लावायचा कशाला?" ते म्हणायचे. "जमिनीत सगळा हाय. जाळू नका, तोडू नका, ढोरा सोडू नका. येवढा केला तरी पुष्कळ."

चाचा तरुणपणी गल्फला गेले. तिथल्या एका शहरात रस्त्यामधल्या झाडांना पाणी घालायचं काम त्यांनी पंचवीसेक वर्षं केलं. "एकेका झाडाला नळी, नळीला चावी, चावीला सायेब," असं त्याचं वर्णन करायचे. त्यांना तिकडे पाठवण्यासाठी वडिलांनी हा डोंगर कोळसा पाडणाऱ्यांना तोडायला दिला होता. भट्ट्या लागल्या, डोंगर धुरातून गेला आणि चाचा विमानातून. "माझा व्हिसा या डोंगरानं काढलान," हे वाक्य ते कधी हसून म्हणायचे, कधी अजिबात न हसता. परत आल्यावर घराला स्लॅब टाकायच्या आधी त्यांनी डोंगर राखायला घेतला. चाची मला चहा देताना म्हणाली होती, "मला वाटला दमलाय, घरी बसंल. तर यानं डोंगराशी दुसरा लगीन लावलान."

मनगटावर गल्फमधलंच घड्याळ आणि त्यात वेळही तिकडचीच, आपल्याहून दीड तास मागे. ते बदलत का नाही असं विचारलं तर म्हणाले, "सरकारी बैठकीला बराबर चालतो." ते खरंच होतं. साडेदहाची बैठक बाराला सुरू व्हायची तेव्हा चाचांच्या घड्याळात बरोबर साडेदहा वाजलेले असत. सगळ्या सभागृहात वेळेवर सुरू झालेली बैठक फक्त त्यांनीच पाहिली असेल.

डोंगराचा खालचा पट्टा चाचांचा स्वतःचा, वरकस म्हणजे भाताला न चालणाऱ्या हलक्या जमिनीचा, मधला गुरचरण म्हणजे ग्रामपंचायतीचा, आणि वरचा वनखात्याचा. राखायचे ते तिन्ही. एका मार्चमध्ये वणवा लागला तेव्हा मी योगायोगाने गावात होतो. वरच्या अंगाने आग उतरताना दिसली. ग्रामपंचायतीत सांगितलं तर म्हणाले, आग खात्याच्या हद्दीत आहे. खात्याच्या माणसाला फोन लावला तर म्हणाला, माझ्या नकाशाप्रमाणे ती गुरचरणात आहे, आधी पंचायतीला कळवा. तालुक्याला फोन लावला, तिथले साहेब बैठकीत होते.

"ठेव तो फोन," चाचा म्हणाले. "वनव्याला सातबारा वाचता येत नाय."

तोवर कातकरवाडीतून माणसं सुटली होती. हिरव्या फांद्या तोडून, ओळ धरून त्यांनी आग झोडपायला सुरुवात केली. थंडीतच सर्वांनी मिळून वाऱ्याविना सकाळ बघून गवताचा एक पट्टा मुद्दाम जाळून ठेवला होता, त्या काळ्या पट्ट्यापर्यंत आग आली आणि बसली. आग कुणी लावली ते सगळ्यांना ठाऊक होतं. गावातल्याच एकाने, नवं गवत लुसलुशीत यावं म्हणून. मी म्हटलं, तक्रार करा. चाचा त्याच्या घरी गेले, भुवया जळालेला चेहरा त्याच्यासमोर धरला आणि म्हणाले, "पुढल्या टायमाला लावलीस तर आदी मला आवाज दे, मी फांदी घेऊन हुबा ऱ्हातो." तो माणूस पुढल्या वर्षापासून आग झोडपायला सगळ्यांच्या पुढे असायचा. भागधारकांचा सहभाग म्हणतात तो मी आयुष्यात एवढाच पाहिला आहे, आणि त्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

आमच्या बैठका मात्र रीतसर झाल्या. गावात, रोह्याला, पेणला, जिल्ह्याला, मुंबईला. प्रत्येक ठिकाणी मी तेच सादरीकरण दाखवायचो. त्यातला डोंगर चाचांचा नव्हताच, कुठून तरी उचललेला होता. पहिल्या बैठकीत चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "या झाडांना इकडचा पानी कदी लागलेला नाय." मी फोटो बदलला नाही. कुणीच विचारलं नाही.

गावाने म्हणायचं तालुक्याने लक्ष घालावं. तालुक्याने म्हणायचं जिल्ह्याकडून आदेश हवा. जिल्ह्याने वर बोट दाखवायचं आणि वरच्यांनी विचारायचं, ग्रामसभेचा ठराव आहे का? की पुन्हा गाव. प्रत्येक पातळीचा दोष दुसऱ्या पातळीत, आणि चहा सगळ्या पातळ्यांना. पाहुण्यांचं स्वागत रोप देऊन व्हायचं. ती रोपं बैठक संपल्यावर टेबलाखाली राहायची. चाचा ती गोळा करून न्यायचे. "यतीम हायेत, आय-बाप नाय," म्हणायचे आणि आपल्या परसात लावायचे. त्यांच्या परसात सरकारी स्वागताची एक बागच तयार झाली होती.

पेणच्या पहिल्या बैठकीत त्यांना दोन मिनिटं बोलायला दिली. चाचा उभे राहिले. खिशात कायम बेहड्याच्या बिया असायच्या, त्या चाळवत म्हणाले, "सायबांनो, लय झाडा लावू नका. शिमग्याच्या आदी-मागून तीन म्हयने आमाला चार मानसा द्या, आग राखायला. बाकी डोंगर करतो त्याचा तो." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आनि येवढी मोठी मानसा बसलेत, तर त्यातला आमच्या डोंगरावर कोन कोन येऊन गेलाय? हात वर करा बघू."

शाळेत मास्तर विचारतो तसं विचारलं. कुणाचाही हात वर झाला नाही. मग अध्यक्षस्थानी असलेले साहेब मोठ्याने हसले, म्हणून सगळे हसले. "फार मौलिक मुद्दा आहे," साहेब म्हणाले. "नोंद घ्या." मी नोंद घेतली.

शेवटी योजना मंजूर झाली आणि जागा ठरली चाचांच्या डोंगराची. कारण काय, तर इथे लोकसहभाग उत्कृष्ट आहे! पण योजनेत खड्डा मोजतात आणि रोप मोजतात. आपोआप उगवलेलं, राखलेलं झाड कुठल्याच रकान्यात बसत नाही. आग राखायला चार माणसं, हेही बसत नाही. मी चाचांना ते समजावून सांगितलं तेव्हा मला माझीच लाज वाटत होती. त्यांनी कोयतीच्या टोकाने वर दाखवलं.

"वरती कातळाकडं थोडी उघडी जागा हाय," म्हणाले. "तिथं खना तुमचे खड्डे. तुमचाबी व्हऊ दे. पन खाली हात नाय लावायचा. लिवशील ना तसा?"

मी तसं लिहिलं. 'खड्डे फक्त वरच्या उघड्या जागेत.' सर्व पातळ्यांच्या सह्या झाल्या. चाचांनी न वाचताच सही केली. "तू लिवलास ना, झाला मग."

काम सुरू व्हायच्या दिवशीच पेणला सत्काराचा कार्यक्रम ठेवला. दुसऱ्या दिवशी दिल्लीचे पाहुणे खड्डे बघायला येणार होते, म्हणून सगळं घाईत. मंगल कार्यालय घेतलं होतं. चाचा, बारकीबाई आणि वाडीतली आग झोडपणारी सगळी माणसं टेम्पोत घालून आणली. कोंब राखणारा प्रत्येक माणूस त्या दिवशी खुर्चीत बसून मान्यवरांची भाषणं ऐकत होता. डोंगरावर फक्त ठेकेदार होता, त्याचे मजूर आणि त्याचं खोदाईचं यंत्र.

चाचांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी व्यासपीठाच्या पायरीशी शालींचं तबक धरून उभा होतो. खिशातला फोन थरथरला. ठेकेदार.

"सायेब, पोकलेन वर चढत नाय. कातळ हाय, वाट नाय. उद्या पाव्हने येतात. खाली रस्त्याला लागून साफ करून घेऊ काय? गाडीतनंच दिसंल त्यांना."

वर साहेब शालीची घडी उलगडत होते. फोटोग्राफर मला हाताने बाजूला हो म्हणत होता. मी तोंडावर हात धरून पुटपुटलो, "मी बैठकीत आहे. करा काय ते."

आणि टाळ्या वाजल्या. मुखपृष्ठावरचा फोटो त्या क्षणाचा आहे.

परत जाताना मी टेम्पोत पुढे बसलो होतो. ऊन अजून होतं. हायवे सोडून आत वळलो आणि मागून बारकीबाईचा आवाज आला, "चाचा, आपला डोंगर उजेडाचा कसा दिसतो गो?" ती चाचांशी बोलत होती आणि शेजारच्या बाईशीही. 

खालचा पट्टा, चाचांचा स्वतःचा, रस्त्यापासून अर्ध्या चढापर्यंत, खरवडून लाल केला होता. ऐन, किंजळ, शिवण, सगळं मुळासकट उपटून एका बाजूला ढीग. आणि त्या लाल मातीत, दोरी लावून आखलेल्या रांगांत, एकसारख्या अंतरावर, खड्डे. जंगल उभं करण्यासाठी उभं जंगल काढून टाकलं होतं. ठेकेदार ओशाळा नव्हता. त्याने काम वेळेत केलं होतं.

चाचा शाल अंगावर असतानाच वर चढले. नारळ त्यांनी वाटेत एका दगडावर ठेवला. ढिगापाशी वाकून काहीतरी उपसत राहिले. मला वाटलं मुळं बघतायत. ते पांढऱ्या पट्ट्या सोडवून घेत होते. मातीने लाल झालेल्या, एकेक झटकून खिशात घालत होते. "मुळापासना काढलान," एवढंच म्हणाले. वाडीच्या बाया रडल्या, एकीने ठेकेदाराला अशा शिव्या दिल्या की माझे कान निवले. पण त्या खऱ्या माझ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दिल्लीचे पाहुणे आले. गाडीतून उतरले, बूट जपत चार पावलं चालले. "फार नीटनेटकी जागा आहे," असं हिंदीत म्हणाले. प्रत्येकाने एक रोप लावलं, रोपाला त्याच्या नावाची पाटी. एकाने विचारलं, ते आदर्श शेतकरी कुठे आहेत? मी त्यांच्या घरी गेलो. चाची दारात उभी होती. "आज तो डोंगरावर गेला नाय," म्हणाली. "आट वर्सांत पयल्यांदा." मी पाहुण्यांना सांगितलं, त्यांची तब्येत बरी नाही. तीही नोंद झाली.

पावसाळा गेला. येत्या वणव्याच्या मोसमासाठी मागितलेली चार माणसं कुणी मंजूर केली नाहीतच. थंडी सुरू होता होता अहवाल छापून आला आणि चाचांना त्यांची प्रत द्यायला मी गेलो. रस्त्याच्या कडेला मोठा फलक लागला होता, 'सर्व स्तरांवरील भागधारकांच्या सहभागातून'. फलकामागे खड्ड्यांतून काड्या उभ्या होत्या. काही काड्यांना अजून पाहुण्यांच्या नावाच्या पाट्या होत्या. पाट्या चांगल्या टिकल्या होत्या.

चाचा त्या खरवडलेल्या पट्ट्याच्या वरच्या कडेला सापडले. तिथे यंत्राचा हात पोचला नव्हता, मजुरांनी कोयत्यांनी तोडलं होतं, त्यामुळे खोडं शाबूत होती आणि त्यांना पुन्हा फुटवे आले होते. चाचा बसून छाटणी करत होते. फार वाळले होते. रबरी बुटांत पाय सैल झाले होते. त्यांनी एक फुटवा ठेवला, बाकीचे काढले आणि शेजारच्या पिशवीतून एक पट्टी ओढली. पट्टी पांढरी नव्हती. शेंदरी होती, कडेला सोनेरी जर. मी वर पाहिलं. त्या अंगाच्या पंधरा-वीस फुटव्यांवर शेंदरी पट्ट्या होत्या. सत्काराची शाल.

"झगा संपला," ते म्हणाले. "हीबी बरी हाय. लांबून दिसते."

मी अहवाल पिशवीतून काढला नाही. शेजारी बसलो.  मग म्हटलं, "चाचा, त्या दिवशी ठेकेदाराचा फोन मला आला होता."

"ठाव हाय," ते गाठ मारत म्हणाले. "त्यानं त्याच दिशी सांगितलान."

"मग एवढे दिवस मला काही बोलला नाहीत?"

चाचांनी गाठ ओढून पाहिली. फुटव्याला आवळत नाही ना हे बोटाने तपासलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला फार बरं वाटलं असतं.

"काय बोलायचा? तू बैठकीत व्हतास."

ते कोयती आकडीत अडकवून उठले आणि पुढल्या खोडाकडे गेले. पुन्हा ते मला दिसले नाहीत. मी मात्र खाली उतरलो, गाडीला बसलो. चार वाजता पेणला बैठक होती. मी वेळेवर पोचलो.